हेल्मेटच्या काचेवरची वाफ



पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमालेचा उपक्रम आरंभिला, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार शहाण्या गोष्टी ऐकावयास जमण्याची एक चांगली सवय आपल्या शहरांना लागली आहे. अशा व्यासपीठांवरून वेदान्तापासून अंदाजपत्रकापर्यंत सर्व विषयांचा ऊहापोह झालेला आहे. त्या मानाने आम्ही निवडलेला विषय फारच पातळ आहे. किती पातळ, तर एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा! दुचाकीवाल्याच्या हेल्मेटच्या काचेवर आतून धरणारी वाफ एवढाच तो विषय. पाऊस आता पाचसहा आठवड्यांवर आला आहे, तेव्हा या वाफेचा विचार करण्यास हीच वेळ योग्य होय. छपराची कौले शाकारायची ती मृगापूर्वी. मृग लागल्यावर नव्हे.

प्रथम या विषयाचे महत्त्व सांगून टाकतो. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते. साठच्या वेगाने जवळजवळ सतरा मीटर. काच वाफाळली, ती वर उचलण्यासाठी डावा हात मुठीवरून काढला, बोटाने पुसून पाहिले, पुन्हा हात मुठीवर नेला, यात तीन सेकंद सहज जातात. म्हणजे साठच्या वेगाने पन्नास मीटर रस्ता या गृहस्थाने एका हाताने आणि अर्ध्या डोळ्याने काटला. त्या पन्नास मीटरांत एखादा खड्डा असतो, एखादी उभी बैलगाडी असते, रस्ता ओलांडणारे एखादे पोर असते.

आता यावर पुष्कळांनी एक सोपा उपाय काढलेला आहे: पावसात काच वरच ठेवायची, किंवा हेल्मेटच आरशाला अडकवायचे. केंद्रीय रस्ते वाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत दुचाकीवरील माणसांचा वाटा शेकडा चव्वेचाळीसच्या वर होता, आणि दगावलेल्यांपैकी सुमारे पन्नास हजारांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. उलट २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रन आढाव्यात जगभरातील पाहण्या एकत्र करून असा निष्कर्ष काढला आहे की, हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे शेकडा बेचाळीस आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे शेकडा एकोणसत्तर कमी होतो. अशी वस्तू माणूस डोक्यावरून काढून ठेवतो, ती नेहमीच आडमुठेपणाने ठेवतो असे नाही. हेल्मेटसक्तीवर पुण्यात किती वाद झाले ते सर्वांस ठाऊक आहे. त्या वादात मान दुखते, ऐकू येत नाही, केस गळतात अशी जी अनेक गाऱ्हाणी पुढे आली, त्यांतली काही लटकी असतील. पण 'पावसात समोरचे दिसत नाही' हे गाऱ्हाणे शंभर टक्के खरे आहे. खऱ्या गाऱ्हाण्याला दंडाची पावती हे उत्तर नव्हे. त्याला उत्तर द्यावयाचे तर आधी ते गाऱ्हाणे समजून घेतले पाहिजे.

तेव्हा वाफ म्हणजे काय, येथून सुरुवात करू.

हवेत पाणी असते, पण ते दिसत नाही. किती असू शकते, हे हवेच्या उष्णतेवर अवलंबून आहे. दहा अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा सुमारे नऊ ग्रॅम पाणी बाळगू शकते. वीस अंशांची सतरा ग्रॅम. तीस अंशांची तीस ग्रॅम. वरचेवर चढत जाणारा हा आकडा लक्षात ठेवा, आजच्या व्याख्यानाचे सगळे मर्म त्यातच आहे. ऊन हवेचा खिसा मोठा, थंड हवेचा लहान. भरलेल्या खिशाची ऊन हवा थंड वस्तूला टेकली की तिचा खिसा एकदम आकसतो, आणि मावत नाही ते पाणी त्या वस्तूवर सांडते. ज्या उष्णतामानाला हे सांडणे सुरू होते, त्याला दवबिंदू म्हणतात. बर्फाच्या पाण्याचा तांब्या बाहेरून घामाघूम होतो तो याच कारणाने. तो झिरपत नसतो. खोलीतील हवेने आपला भार त्याच्या अंगावर उतरविलेला असतो.

आता आपल्या श्वासाकडे पाहा. नाकातोंडातून बाहेर पडणारी हवा सुमारे चौतीस अंशांची असते आणि पाण्याने जवळजवळ पूर्ण भरलेली असते. म्हणजे दर घनमीटरला छत्तीस-सदतीस ग्रॅम. आपण एका श्वासाला अर्धा लिटर हवा बाहेर टाकतो आणि मिनिटाला बारा ते पंधरा श्वास घेतो. हिशेब केला तर तासाला सुमारे पंधरा ग्रॅम पाणी, म्हणजे तीन चहाचे चमचे, आपण नुसत्या श्वासाने हवेत सोडतो. मोकळ्या मैदानात त्याची कोणी दखल घेत नाही. पण हेल्मेट म्हणजे आपण आपल्याच तोंडाभोवती बांधलेली एक खोली आहे. तिला एकच खिडकी, ती नाकापासून चार बोटांवर, आणि त्या खिडकीला बाहेरून पाऊस-वारा थंड करतो आहे. काच आंधळी करावयास किती पाणी लागते? काचेचे क्षेत्रफळ दोनशे चौरस सेंटिमीटर धरा आणि थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा धरा. उत्तर येते एक मिलिलिटरचा पाचवा हिस्सा: चार थेंब! एवढे पाणी आपण एका मिनिटाच्या आत बाहेर टाकतो.

येथे कोणी विचारील, की पाणी तर पारदर्शक असते. मग चार थेंबांनी दिसेनासे का होते? याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. खडीसाखरेचा चांगला खडा घेतला तर त्यातून पलीकडचा उजेड दिसतो. तोच खडा खलबत्त्यात कुटला की पांढरी पिठी होते, आणि तिच्यातून काही दिसत नाही. साखर तीच, पण एका खड्याचे लाख कण झाले, आणि प्रत्येक कणाच्या पाठीवर उजेड आपटून निराळ्या दिशेला फुटला. काचेवरची वाफ म्हणजे पाण्याची पिठी होय. असंख्य सूक्ष्म गोल थेंब एकमेकांशेजारी बसलेले असतात आणि प्रत्येक थेंब एक चिमुकले भिंग होऊन उजेड वाटेल तिकडे फेकतो. दिवसा त्यामुळे सगळे दुधाळ दिसते. रात्री समोरून ट्रकचा दिवा आला तर सगळी काचच पेटून उठते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. आपला शत्रू पाणी हा नसून पाण्याचे गोल थेंब हा आहे. तेच चार थेंब काचेवर सपाट पसरले, तर पलीकडचे स्वच्छ दिसेल. हे आज आम्ही सांगतो आहोत असे नाही. जॉन एटकिन नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दव, धुके आणि धूळ यांचा सारा जन्म अभ्यास केला, आणि काचेवर फुंकर घातली असता उमटणाऱ्या आकृतींवरही त्याने लिहिले. पुढे १९११ साली लॉर्ड रॅले या थोर पदार्थविज्ञानवेत्त्याने तोच विषय हाती घेतला. काचेवरून एक बारीक ज्योत फिरवावी, काच निवू द्यावी आणि मग तिच्यावर तोंडाची वाफ सोडावी. जेथून ज्योत गेली तेवढ्या पट्ट्यावर थेंब बसत नाहीत. पाणी अखंड पातळ पापुद्र्यासारखे पसरते आणि तो पट्टा स्वच्छ दिसतो. नोबेल पारितोषिक मिळालेला मनुष्य काचेवर फुंकरा घालीत बसला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे आमचा विषय तितकासा पोरकट राहत नाही.

काच वाफाळू नये म्हणून मनुष्याने आजवर जेवढ्या युक्त्या काढल्या, त्या सगळ्या चार वर्गांत बसतात. श्वास काचेपर्यंत पोहोचू न देणे ही पहिली. पोहोचलाच तर वाऱ्याने उडवून देणे ही दुसरी. काच ऊन ठेवणे ही तिसरी. आणि पाणी बसलेच तर त्याला गोल होऊ न देणे ही चौथी. या चारींचा क्रमाने विचार करू.

पहिली युक्ती आडोशाची. हेल्मेटच्या आत नाकावर येणारी एक रबरी किंवा कापडी पट्टी असते. तिने श्वास खाली वळतो. पुष्कळ हेल्मेटांत ती मुळातच नसते, आणि असली तर नाकाला टोचते म्हणून लोक ती पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात. ती परत बसवावी. शक्य तो नाकाने श्वास घ्यावा आणि सोडावा. नाकपुड्या खाली वळलेल्या आहेत, तोंड मात्र सरळ काचेवर फुंकते. येथे आपल्या भगिनींना एक विशेष सूचना करावीशी वाटते. धूळ आणि ऊन चुकविण्यासाठी चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून वर हेल्मेट घालण्याची पद्धत पुण्यात सर्वत्र रूढ आहे. पण घट्ट गुंडाळलेल्या स्कार्फातून श्वासाला खाली वाट राहत नाही. तो नाकाच्या दोन्ही बाजूंनी वर चढतो आणि थेट चष्म्यावर व काचेवर जातो. पावसाळ्यात स्कार्फ वर नाकाशी नीट बसवावा आणि खाली हनुवटीशी सैल ठेवावा. कापड तेच, गाठ तीच, फक्त मोकळी बाजू खाली आली पाहिजे. करोनाच्या साथीत मुखपट्टीमुळे ज्यांचे चष्मे वाफाळत असत त्यांना हे सांगावयास नको.

दुसरी युक्ती वाऱ्याची. हनुवटीपाशी आणि कपाळापाशी हेल्मेटला ज्या झडपा असतात त्या शोभेच्या नाहीत. चालत्या गाडीत खालच्या झडपेतून हवा काचेच्या आतल्या अंगाने वर चढते आणि श्वासाची दमट हवा घेऊन जाते. काच अर्ध्या बोटाने उघडी ठेवली तरी हेच होते. म्हणूनच वाफेचा खरा त्रास सिग्नलला आणि घाटात एसटीच्या मागे रखडताना होतो. गाडी थांबली की पंखा बंद पडला.

पण या युक्तीला एक मर्यादा आहे आणि तिचा हिशेब फारसा कोणी करीत नाही. तो आपण ढोबळ मानाने करून पाहू. जानेवारीतील पहाटे पुण्यात बारा अंश उष्णतामान आहे आणि बाहेरच्या हवेत दर घनमीटरला साडेसहा ग्रॅम पाणी आहे असे धरा. काच चौदा अंशांची आहे. तिच्यापाशी बारा ग्रॅम पाणी मावते. आता हेल्मेटमध्ये दहा भाग हवेपैकी एक भाग श्वास आणि नऊ भाग ताजी हवा असेल, तर मिश्रणात साडेनऊ ग्रॅम पाणी झाले. बारापेक्षा कमी, काच स्वच्छ. म्हणजे थंडीत वाऱ्याने काम भागते.

आता जुलै महिना घ्या. ताम्हिणी घाट, बावीस अंश उष्णतामान, पाऊस लागलेला, चहूकडे ढग उतरलेले. बाहेरची हवाच काठोकाठ भरलेली आहे. तिच्यात एकोणीस-साडेएकोणीस ग्रॅम पाणी आहे. काच तेवीस अंशांची धरली तर तिच्यापाशी साडेवीस ग्रॅम मावते. पुन्हा नऊ भाग ताजी हवा आणि एक भाग श्वास मिसळा. उत्तर एकवीसच्या वर जाते. काच वाफाळलीच! थंडीत ज्या उपायाने काम होत होते, तोच उपाय तेवढ्याच प्रमाणात करून पावसाळ्यात होत नाही. कारण ज्या हवेने काच कोरडी करावयाची, तीच ओली आहे. ओल्या पंचाने अंग पुसण्यासारखा हा प्रकार. थंड देशांतल्या दुचाकीस्वारांसाठी लिहिलेल्या 'झडपा उघड्या ठेवा' या उपदेशाने आंबोलीच्या किंवा वरंध्याच्या घाटात आमचे का भागत नाही, ते या बेरजेवरून कळते. सह्याद्रीच्या पावसाला वाऱ्याबरोबर आणखी एका उपायाची जोड लागतेच.

तिसरी युक्ती काच ऊन ठेवण्याची. घशाचे डॉक्टर हे फार पूर्वीपासून जाणून आहेत. मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ साली आरशाच्या साहाय्याने स्वतःचे स्वरयंत्र पाहिले, आणि तेव्हापासून घशात लहानसा आरसा घालून तपासण्याची पद्धत आली. तो आरसा डॉक्टर आधी स्पिरिटच्या दिव्यावर किंचित ऊन करीत, हाताच्या पाठीला लावून फार तापला नाही ना हे पाहत, आणि मगच घशात घालीत. आरसा श्वासाहून ऊन असला की त्यावर वाफ धरत नाही. थंड मुलखात बर्फावर चालवावयाच्या गाड्यांसाठी विजेच्या तारांनी ऊन राहणाऱ्या काचाही मिळतात. आपल्याला एवढा खटाटोप नको. आपल्याला काचेच्या आतल्या अंगाला बाहेरच्या गारठ्यापासून तोडले म्हणजे पुरे.

ते काम दुहेरी काच करते. हेल्मेटच्या काचेच्या आत दुसरी एक पातळ, लवचिक काच बसवतात. पिनलॉक या डच कंपनीची काच सर्वांत प्रसिद्ध आहे. मूळ काचेवर दोन बाजूंना दोन लहान खुंट्या असतात, त्यांत ही आतली काच अडकते. तिच्या कडेने सिलिकोनची बारीक गोट असते, ती मूळ काचेला चिकटून बसते आणि दोहोंमध्ये कोरड्या हवेची एक फट कोंडली जाते. स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. ज्या पॉलिकार्बोनेटची काच असते त्याच्या एकअष्टमांशच उष्णता ती वाहते. त्यामुळे बाहेरची काच पावसाने गार झाली तरी आतली तेवढी गार होत नाही. शिवाय त्या आतल्या काचेचा पदार्थच असा असतो की तो थोडे पाणी शोषून घेतो. अशा रीतीने तिसरी आणि चौथी या दोन्ही युक्त्या एकत्र आल्या आहेत, आणि आमच्या मते पावसाळ्यात नियमाने घाटातून जाणाऱ्या माणसाला याहून चांगला उपाय आज तरी नाही. मात्र हेल्मेट विकत घेतानाच त्याच्या काचेला या खुंट्या आहेत की नाहीत ते पाहावे. सगळ्या हेल्मेटांना त्या नसतात. गोट नीट बसली नाही तर फटीत दमट हवा शिरते, आणि मग वाफ अशा ठिकाणी धरते की तेथे बोटही पोहोचत नाही. तसे झाल्यास आतली काच काढावी, दोन्ही काचा पूर्ण कोरड्या करून ती पुन्हा बसवावी आणि गोट सर्व बाजूंनी टेकली आहे ना हे उजेडात धरून पाहावे. ही आतली काच नुसत्या पाण्याने आणि मऊ फडक्याने हलकेच पुसावी. तिला साबण किंवा दुसरे काही लावू नये.

चौथी युक्ती थेंब पसरविण्याची, आणि ती सर्वांत स्वस्त आहे. म्हणतात ना, काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती आपल्या न्हाणीघरात आहे. पाण्याचा थेंब गोल राहतो तो पृष्ठताणामुळे. साबण तो ताण कमी करतो. काचेवर साबणाचा अतिसूक्ष्म लेप असला की येणारे पाणी थेंब न होता पसरते. २०११ साली इंग्लंडमधील शल्यचिकित्सकांच्या एका नियतकालिकात मुखपट्टीमुळे चष्मा वाफाळू नये म्हणून हाच उपाय सुचविला होता: चष्मा साबणाच्या पाण्याने धुवावा, पाणी झटकावे आणि तो हवेवर वाळू द्यावा. हेल्मेटसाठी कृती अशी. काच आधी साध्या पाण्याने धुऊन धूळ घालवावी. मग लहान मुलांच्या शाम्पूचा किंवा सौम्य पातळ साबणाचा एकच थेंब पाण्यात मिसळून काचेला आतून लावावा. वाळत आला की मऊ सुती फडक्याने, जोर न करता, काच स्वच्छ दिसेपर्यंत फिरवावा. मग गरम पाण्याच्या पातेल्यावर काच धरून पाहावी. जेथे वाफ धरेल तेथे हात नीट फिरला नाही असे समजावे. हा लेप फार तर एक दिवस टिकतो, कधी एक फेरीच. रोज दात घासतो तसे हे रोजचे काम आहे.

या उपायाचे मोल किती असू शकते याची साक्ष अंतराळातून मिळते. १९६६ सालच्या जून महिन्याच्या ५ तारखेला जेमिनी नऊ-ए या यानातून यूजीन सर्नन हा अमेरिकन अंतराळवीर बाहेर पडला. यानाच्या मागच्या बाजूला ठेवलेले एक उड्डाणयंत्र पाठीवर चढवून त्याला मोकळे फिरावयाचे होते. आधाराला धड जागा नसल्याने प्रत्येक हालचालीला त्याला फार श्रम पडले, घाम आला, आणि पोषाखातील हवा खेळविणाऱ्या यंत्राला तो ओलावा आवरेना. हेल्मेटची काच आतून पूर्ण वाफाळली. पृथ्वीवर निदान काच वर तरी उचलता येते. तेथे ती सोयही नव्हती. त्याने नाकाने घासून काचेवर एक लहानसे भोक मोकळे केले आणि त्यातून तो पाहत राहिला. अखेर कप्तान टॉमस स्टॅफर्ड याने ते काम सोडून द्यावयाचे ठरविले, आणि सर्नन दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहून जवळजवळ चाचपडतच यानात परतला. कोट्यवधी डॉलरांची मोहीम पाण्याच्या एका पातळ थराने अडविली! त्यानंतर अंतराळवीरांच्या काचांना आतून वाफरोधक द्रव लावण्याची पद्धत आली. त्या द्रवात मुख्य पदार्थ कोणता होता? धुण्याचा पातळ साबण.

पण गोष्टीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. २००१ सालच्या एप्रिलमध्ये ख्रिस हॅडफील्ड हा कॅनेडियन अंतराळवीर यानाबाहेर काम करीत असता त्याचा एक डोळा झोंबू लागला आणि मिटला. वजनरहित अवस्थेत अश्रू खाली ओघळत नाहीत. ते साठून दुसऱ्या डोळ्यात गेले आणि तोही मिटला. थोडा वेळ तो पूर्ण आंधळा होता. काचेला लावलेल्या त्या वाफरोधक द्रवाचाच अंश डोळ्यात गेला होता. यावरून घ्यावयाचा धडा असा की, लेप सौम्य असावा आणि जाड नसावा. झाडलोटीचे किंवा भांडी घासण्याचे तिखट द्रव डोळ्यांपुढे चार बोटांवर नेऊ नयेत.

आता काय करू नये हे थोडक्यात सांगतो. काच म्हणून आपण जिला म्हणतो ती काच नसते. ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक असते. ते आघात उत्तम सोसते, पण ओरखडा आणि रसायन सोसत नाही. म्हणून टूथपेस्ट लावू नये. तिच्यात दात घासण्यासाठी जी बारीक पूड असते, ती काचही घासते. पेट्रोल, थिनर, स्पिरिट आणि अमोनिया असलेले खिडक्या पुसण्याचे द्रव यांनी प्लॅस्टिक गढूळ होते किंवा त्याला सूक्ष्म तडे जातात. कापलेला बटाटा चोळण्याचा जुना उपाय सांगतात. त्याने क्षणभर थेंब पसरतात हे खरे, पण मागे पिठाचे डाग राहतात आणि रात्री तेच डाग समोरच्या दिव्यात चमकतात. कोरड्या फडक्याने धूळभरली काच खसाखसा पुसणे हा सर्वांत मोठा अपराध होय. ओरखडे पडलेली काच बदलावी. हेल्मेटच्या मानाने ती स्वस्त असते. बाहेरच्या अंगाची रीत मात्र उलटी. आतून पाणी पसरावे असे आपण पाहतो, तर बाहेरून ते घरंगळून जावे असे पाहावयाचे. म्हणून बाहेरच्या अंगाला पॉलिकार्बोनेटला चालेल असे लिहिलेले पाणी झटकणारे द्रव लावतात. आतून पाण्याशी सलोखा, बाहेरून पाण्याशी वैर, एवढे सूत्र ध्यानात ठेवले की पुरे. आणि ओले हेल्मेट रात्रभर डिकीत कोंडू नये. आतल्या गादीत मुरलेले पाणी दुसऱ्या दिवशी आपल्याच काचेवर चढते.

शेवटी एक सार्वजनिक मुद्दा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने हेल्मेट सक्तीचे केले, आणि २०२१ सालच्या जूनपासून दुचाकीसाठी भारतीय मानकाची खूण असलेलीच हेल्मेटे विकता येतात. हे योग्यच झाले. पण कायदा हेल्मेट डोक्यावर चढवू शकतो. काच खाली ठेवावयास लावू शकत नाही. काच खाली राहते ती दिसते म्हणून. युरोपात चालणाऱ्या नियमावलीत काच वाफरोधक आहे की नाही याची स्वतंत्र कसोटी घालून दिलेली आहे. ती ऐच्छिक आहे, पण निर्माता तसा दावा करीत असेल तर त्या कसोटीला त्याने उतरले पाहिजे. ज्या देशात चार महिने पाऊस पडतो आणि कोट्यवधी माणसे दुचाकीवर पोट भरतात, तेथे ग्राहकाने दुकानात जाऊन रंग आणि चित्रे पाहण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: हनुवटीला उघडझाप होणारी झडप आहे काय? नाकावरची पट्टी आहे काय? आतली काच बसविण्याची सोय आहे काय? गिऱ्हाईक हे विचारू लागले की दुकानदार ठेवू लागेल, आणि दुकानदार मागू लागला की कारखानदार करू लागेल. मालाला कायद्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या प्रश्नाने अधिक लवकर सुधारणा होते, हा सर्वत्र अनुभव आहे.

आणि ज्यांच्या जवळ जुनेच हेल्मेट आहे, खुंट्या नाहीत, झडप मोडलेली आहे, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. साबणाचा एक थेंब, एक मऊ फडके, नाकाने श्वास आणि सिग्नलला एक खाच उघडलेली काच, एवढ्यावर पुष्कळसे काम भागते. रोज सकाळी पोराला कामावर पाठविणाऱ्या आईने डब्याबरोबर त्याच्या हेल्मेटच्या काचेवरूनही एकदा फडके फिरवावे, किंवा त्याहून बरे म्हणजे त्यालाच फिरवायला लावावे. पावसात भिजून आलेला मुलगा टॉवेलने कोरडा करता येतो. समोरचा खड्डा न दिसल्याने पडलेला मुलगा घरी येईलच, याची शाश्वती कोणाला देता येत नाही.